टक्केवारी, समीक्षक आणि तुमचं अल्पमत

पत्र: आमचा सात-आठ सिनेमावेड्यांचा गट आहे. दर आठवड्याला कोणी काय पाहिलं ते सांगायचं, असा शिरस्ता. हल्ली मात्र दर वेळी भांडणच होतं. एक मित्र रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर ऐंशी टक्क्यांच्या खालचं काही पाहतच नाही. दुसऱ्याच्या मते सगळे समीक्षक एकतर विकले गेलेले, नाहीतर शिष्ट. एक मैत्रीण एका दिग्दर्शकाची भक्त. त्याचा फसलेला सिनेमाही तिला थोर वाटतो. मागच्या महिन्यात सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला एक तीन तासांचा संथ सिनेमा मी घरी पाहिला. मला तो सोसला नाही. तसं बोललो तर ‘तुला कळला नाही’ हे ऐकावं लागलं. माझी आवड कच्ची आहे का? भरवसा ठेवावा असा समीक्षक निवडायचा कसा? आणि भांडण न होता बोलायचं कसं?
— कायम अल्पमतात

प्रिय ‘कायम अल्पमतात’,

टक्केवारीवाल्या मित्रापासून सुरुवात करू. त्याचा गैरसमज आकडेमोडीने सुटणारा आहे. बाकीच्यांचं तितकं सोपं नाही.

रॉटन टोमॅटोजवरची टक्केवारी म्हणजे सिनेमाला मिळालेले गुण नव्हेत. किती समीक्षकांचं परीक्षण एकंदरीत अनुकूल होतं, एवढंच ती सांगते. दहा समीक्षक आहेत असं धरा. दहाही जणांनी ‘ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही’ म्हणत दहापैकी ६ गुण दिले, तर सिनेमा १०० टक्के. दुसऱ्या सिनेमाला सात जणांनी ९ दिले आणि तिघांनी ४, तर तो ७० टक्के; पण त्याची सरासरी ७.५. तुमचा मित्र पहिला पाहतो आणि दुसरा सोडून देतो. ऐंशीची चाळणी लावून तो चांगले सिनेमे गोळा करतोय असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात कोणालाच न खुपणारे सिनेमे गोळा होतात. त्याला टक्क्यांशेजारची परीक्षणांची संख्याही बघायला सांगा. पंधरा परीक्षणांपैकी चौदा अनुकूल असतील तर ९३ टक्के. एक प्रतिकूल आलं की थेट ८७.५. तीनशे परीक्षणं असतील तर एकाने काहीच हलत नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीचा आकडा घेऊन वाद घालणं म्हणूनच व्यर्थ.

मेटाक्रिटिक या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाचा आकडा सरासरीचा असतो, पण तीही साधी सरासरी नाही. काही प्रकाशनांना जास्त वजन दिलं जातं आणि ते किती, हे जाहीर केलेलं नाही. शिवाय ज्या परीक्षणात तारे किंवा गुण नसतात त्याला संकेतस्थळाची माणसं मजकूर वाचून गुण लावतात. त्यामुळे एखाद्या समीक्षकाच्या नावापुढे ७० दिसले, तर ते त्याने स्वतः दिलेत असं गृहीत धरू नका. आयएमडीबीवर, जिथे सामान्य प्रेक्षक गुण देतात, नुसता आकडा बघण्याऐवजी १ ते १० मधल्या प्रत्येक गुणाला किती मतं पडली, तो आलेख उघडा. ७ च्या आसपास एकच टेकडी असेल तर सिनेमा बहुतेकांना बरा वाटलाय. १० वर एक आणि १ वर दुसरी, अशी दोन टोकं उभी असतील तर एकतर सिनेमाच दुफळी पाडणारा आहे, नाहीतर त्याच्याभोवती काही मोहीम चाललेली आहे. सिनेमास्कोअर हा आणखी वेगळा प्राणी. १९७९ पासून ही कंपनी अमेरिकेत पहिल्या दिवशी चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. पहिल्याच दिवशी धावत येणारा माणूस मुळात उत्सुक असतो, म्हणून तिथली ‘बी’ तितकीशी चांगली नाही आणि ‘सी’ जवळजवळ नापास. २०१७ च्या ‘मदर!’ला तिथे ‘एफ’ मिळाली, तर समीक्षकांपैकी बहुसंख्यांनी अनुकूल लिहिलं होतं. दोन्ही आकडे खरे. प्रश्न वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे विचारलेले होते. जाहिरात बघून भीतीपट समजून आलेल्या प्रेक्षकाला काय मिळालं, हे सिनेमास्कोअर सांगतो. तुम्ही ती जाहिरात पाहिलीच नसेल तर तुमच्या दृष्टीने तो आकडा निकामी.

आता तुमचं अल्पमत. जगातल्या समीक्षकांच्या मतदानांत सगळ्यात मान असलेलं मतदान ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाचं. १९५२ पासून दर दहा वर्षांनी होतं. मतदाराने दहा नावं द्यायची, त्यांत क्रम लावायचा नाही. २०१२ मध्ये ८४६ मतदारांपैकी १९१ जणांनी हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’चं नाव घेतलं आणि तो पहिला आला. म्हणजे पाऊणशे टक्क्यांहून जास्त मतदारांनी त्या मतदानात सर्वोत्कृष्ट ठरलेल्या सिनेमाला आपल्या पहिल्या दहांत जागा दिलेली नव्हती. हाच सिनेमा १९५८ साली आला तेव्हा स्वागत संमिश्र होतं, आणि पहिल्या दहांत तो शिरला १९८२ मध्ये. २०१२ च्या आधी १९६२ ते २००२ असा सलग पहिला नंबर ‘सिटिझन केन’चा, २०२२ मध्ये मतदार १,६३९ झाले आणि शँतल आकरमनचा १९७५ चा ‘ज्यां दिलमान’ पहिला आला. मतदार बदलले की यादी बदलते. ‘सगळे म्हणतात’ मधले सगळे नेमके किती आणि कोण, हे विचारायची सवय गटाला लावा.

एवढ्यावरून तुम्ही बरोबर ठरता असं मात्र नाही. ‘मला सोसला नाही’ याला उत्तर शोधण्याआधी तुम्ही नेमकं काय पाहिलं हे तपासा. सिनेमावेड्यांची निम्मी भांडणं इथेच मिटतील, आणि नेमकं हेच कोणी विचारत नाही.

पहिलं, प्रत कोणती होती? सर्जियो लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’ १९८४ मध्ये युरोपात २२९ मिनिटांचा दाखवला गेला आणि अमेरिकेत वितरकांनी १३९ मिनिटांचा केला. नुसती कात्री नव्हे, मागे-पुढे जाणारी कथा सरळ कालक्रमाने लावून टाकली. त्या दोन प्रती पाहिलेले दोघं भांडत असतील तर ते एका सिनेमाबद्दल बोलतच नाहीत. ‘ब्लेड रनर’चंही तसंच: १९८२ च्या प्रतीत नायकाचं निवेदन आहे, १९९२ आणि २००७ च्या प्रतींत ते नाही. तेव्हा सिनेमाचं नाव सांगताना प्रतीचं वर्ष आणि मिनिटं सांगायची. युरोपीय टीव्हीसाठी काढलेल्या जुन्या डिस्कांवर सिनेमा सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी धावतो, म्हणून तीन तासांचा सिनेमा सात मिनिटं लवकर संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. मिनिटं कमी दिसली म्हणजे दर वेळी कात्रीच लागली असं नाही.

दुसरं, टीव्हीची सेटिंग. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींत चित्रित झालेला असतो. बहुतेक नवे टीव्ही त्यांच्या मध्ये आपल्या मनाने नव्या चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करतात. सोनीत याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगच्या बऱ्याच संचांत ऑटो मोशन प्लस. परिणाम असा की महागडा सिनेमाही दैनंदिन मालिकेसारखा दिसतो, अभिनय खोटा वाटू लागतो, आणि का ते कळत नाही. हे बंद करा. संचात ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावला की एकाच बटणात काम होतं. ‘छायाचित्रण सपाट होतं’ असं म्हणणाऱ्याला आधी हे विचारा. चित्राचा ‘व्हिव्हिड’, म्हणजे भडक रंगांचा, पर्याय चालू राहिला असेल तर छायाचित्रकाराचा काही दोष नाही.

तिसरं, कसं पाहिलं. संथ सिनेमाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. वर आलेला ‘ज्यां दिलमान’ घ्या, २०१ मिनिटांचा. एका गृहिणीचे तीन दिवस. बटाटे सोलणं, अंथरूण आवरणं, दिवे लावणं-मालवणं हे जवळजवळ पूर्ण वेळात दाखवलेलं आहे. पहिल्या दिवसाचा क्रम अंगवळणी पडला की दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजले एवढी घटनाही धक्का देते. तो धक्का पहिल्या तासाच्या कंटाळ्यावर उभा आहे. हाच सिनेमा चार बैठकांत, सव्वापट वेगाने किंवा हातात फोन घेऊन पाहिला तर कंटाळा तेवढा पदरात पडतो, धक्का पोचतच नाही. तेव्हा स्वतःला विचारा: सलग पाहिला का? कितीदा थांबवला? मूळ भाषेत की डब केलेला? सबटायटल्स नीट होती की यंत्राने केलेली?

या तिन्ही गोष्टी ठीक होत्या आणि तरीही सिनेमा सोसला नाही, तर विषय संपला. तुमची आवड कच्ची नाही, त्या सिनेमाशी जुळली नाही एवढंच. लाजेपोटी तो पुन्हा पाहू नका. लाजेने पाहिलेला सिनेमा दुसऱ्यांदाही आवडत नाही, वर तो आवडल्याचं नाटक करावं लागतं. कुतूहल असेल तर त्याच दिग्दर्शकाचा दीड तासाच्या आतला एखादा सिनेमा आधी बघा. ‘तुला कळला नाही’ म्हणणाऱ्याला शांतपणे विचारा, ‘कोणत्या प्रसंगात मला काय दिसलं नाही?’ त्याच्याकडे उत्तर असेल तर ते तुमच्या कामाचं आहे. नसेल तर त्यालाच काही दिसलेलं नाही.

समीक्षकाची निवड. इथे तुमचा प्रश्न थोडा चुकीचा मांडलेला आहे. ज्याचं तुमच्याशी पटतं तो भरवशाचा, असं तुम्ही धरलेलं दिसतं. दहा मिनिटं पुढे असलेलं घड्याळ रोज नेमकं दहाच मिनिटं पुढे असेल तर त्यावर गाडी पकडता येते. समीक्षकाचंही तसंच. त्याचा कल स्थिर हवा आणि लेखनातून तो ओळखता यायला हवा. मग तो तुमच्या नेमका विरुद्ध असला तरी उपयोगी पडतो.

तपासायची रीत अशी. तुम्ही नीट पाहिलेले पंधरा सिनेमे निवडा: पाच जिवापाड आवडलेले, पाच नावडलेले आणि पाच असे की ज्यांवरून तुमच्या गटात दुफळी झाली. सर्वमान्य अभिजात सिनेमे यात घेऊ नका. त्यांवर सगळ्यांचं एकमत असतं, त्यामुळे कोणाचीच पारख होत नाही. आता तीन समीक्षक घ्या आणि त्यांची या सिनेमांवरची परीक्षणं वाचा, तारे झाकून. प्रत्येक परीक्षणापुढे एकच खूण करायची: हे आधी वाचलं असतं तर सिनेमा मला आवडेल की नाही हे ओळखता आलं असतं का? त्याचा निकाल काय होता हे मोजायचं नाही. पंधरापैकी अकरा-बारा वेळा ‘हो’ आलं तर तो समीक्षक ठेवा. पुढच्या दहा न पाहिलेल्या सिनेमांवर त्याची परीक्षा घ्या: पहिले दोन परिच्छेद वाचा, स्वतःचा अंदाज कागदावर लिहा, सिनेमा बघा, ताडून पाहा. आधी वाचल्याने पाहण्यावर रंग चढतो हे खरंच, म्हणून हा प्रयोग दहा सिनेमांपुरताच. नंतर परीक्षण सिनेमा पाहून झाल्यावर वाचायचं.

वाचताना पेन्सिल घ्या आणि सिनेमा बघून पडताळता येतील तेवढीच वाक्यं अधोरेखित करा. ‘दुसऱ्या अंकात कॅमेरा नायिकेच्या खांद्यामागून हलतच नाही’ हे पडताळता येतं. ‘अभिनय लाजवाब’ हे नाही. दोन-तृतीयांश मजकूर कथासार असेल तर पुढचा समीक्षक घ्या. पात्रांची आणि नटांची नावं खोडून पाहा. तोच परिच्छेद दुसऱ्या सिनेमालाही चालत असेल तर तिथे परीक्षण झालेलंच नाही. प्रतिकूल परीक्षणं आधी वाचा. कौतुकाची विशेषणं सगळ्यांची सारखी असतात. माणूस नेमका कशाला वैतागतो, त्यात त्याची आवड उघडी पडते. कोणाला गाण्यांनी कथा थांबलेली खपत नाही, कोणी विनोदी सिनेमाला मुळातच हलकं समजतो, कोणाच्या हजार परीक्षणांत ध्वनीचा उल्लेख नसतो. हे टिपून ठेवलं की पुढची अर्धी परीक्षणं आपोआप दुरुस्त होऊन वाचली जातात.

ताऱ्यांबद्दल थोडंच. चारपैकी तीन म्हणजे ७५ टक्के, पाचपैकी तीन म्हणजे ६०. वादात हे दोन सर्रास एक धरले जातात. अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्टचे चार तारे सापेक्ष होते: सुपरहिरोपटाचे तारे इतर सुपरहिरोपटांच्या तुलनेत, गंभीर नाट्याशी तोलून नव्हे. त्यामुळे ‘एबर्टने याला तीन आणि त्या थोर सिनेमाला अडीच दिले’ या तक्रारीत दम नाही. कोणाच्या ताऱ्यांचा सर्वसाधारण पट्टा काय हे त्याच्या शेवटच्या तीस-चाळीस परीक्षणांवरून काढा. सगळं साडेतीनच्या आसपास असेल तर त्याचे तीन म्हणजे नापसंती.

‘विकले गेलेले’ हा आरोप सिद्ध होत नाही आणि खोडूनही निघत नाही, म्हणूनच त्यावर तासन्‌तास जातात. त्याऐवजी दिसणाऱ्या गोष्टी बघा. निर्मात्यांच्या खास खेळांना बोलावलेल्यांची पहिली वाहवा समाजमाध्यमांवर येते, पूर्ण परीक्षणांवर मात्र अमुक वेळेपर्यंत बंदी असते. ती बंदी प्रदर्शनाच्या काही तास आधीच उठत असेल तर निर्मात्यांना धाकधूक आहे असा अंदाज बांधता येतो, पण अंदाजच. रहस्य फुटू नये म्हणूनही असं करतात. महोत्सवातून आलेल्या परीक्षणांना आठवडाभर थांबून वाचा. दिवसाला चार-पाच सिनेमे बघून रात्रीत मजकूर पाठवणाऱ्याला शांत सिनेमा एकतर झोपवतो, नाहीतर तारणहार वाटतो. आणि समीक्षक लोकप्रवाहाविरुद्ध दोन्ही दिशांनी जातो का, हे पाहा. नेहमीच विरुद्ध जाणाराही नेहमी सोबत जाणाऱ्याइतकाच निरुपयोगी.

दिग्दर्शकभक्त मैत्रिणीशी होणारं भांडण नवं नाही. अमेरिकन समीक्षक अँड्र्यू सॅरिसने १९६२ मध्ये दिग्दर्शकालाच सिनेमाचा कर्ता मानणारी भूमिका इंग्रजीत मांडली: तांत्रिक हुकूमत, मग ओळखू येणारी शैली, आणि सगळ्यात आत त्या शैलीच्या आणि कथेच्या झटापटीतून निघणारा अर्थ. पुढच्याच वर्षी समीक्षक पॉलिन केलने त्यावर तुटून पडणारा लेख लिहिला. एकच गोष्ट पुन्हापुन्हा करणं हा आपोआप गुण कसा, हा तिचा मुख्य आक्षेप. तुमच्या मैत्रिणीला फसलेल्या सिनेमात त्या माणसाच्या इतर सिनेमांचे धागे दिसतात, आणि ते खरोखर असतात. तिला एवढंच विचारा: ज्याने त्याचा दुसरा एकही सिनेमा पाहिला नाही त्याला यात काय मिळेल? ती ‘फारसं काही नाही’ म्हणाली तर तुम्ही दोघंही बरोबर आहात आणि पुढच्या सिनेमाकडे जाऊ शकता.

आता बैठकीबद्दल. प्रत्येकाने एक वही ठेवावी. सिनेमा संपल्यावर, कोणाचंही काही वाचण्याआधी, तिच्यात चार ओळी: प्रत आणि कसा पाहिला; लक्षात राहिलेला एक प्रसंग; लक्ष उडालं ती जागा, साधारण मिनिटांसह; आणि एका वाक्यात मत. आठवड्याने पाचवी ओळ: आता काय वाटतं? बैठकीत बोलताना वहीतला प्रसंग आधी, मत शेवटी. क्रम उलटला की समोरचा तुमच्या मताशी भांडायला बसतो आणि प्रसंग कोणी ऐकत नाही. ‘ओव्हररेटेड’ आणि ‘अंडररेटेड’ महिनाभर बंद ठेवून पाहा. हे शब्द आले की चर्चा पडद्यावरून उठून इतरांच्या अकलेवर जाते.

मत बदललं तर त्याचे गुण कापायचे नाहीत. १९६७ मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ आला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउदरने त्याला झोडपलं. ‘न्यूजवीक’च्या जो मॉर्गनस्टर्ननेही झोडपलं, पण तो पुन्हा जाऊन पाहून आला आणि पुढच्याच अंकात आपलं आधीचं मत मागे घेतलं. त्या सिनेमाच्या इतिहासात क्राउदरचं नाव हटवादीपणासाठी निघतं, मॉर्गनस्टर्नचं या माघारीसाठी. तुमच्या गटात ‘मागच्या महिन्यात तर शिव्या देत होतास’ हे वाक्य जितकं कमी ऐकू येईल तितकी वहीतली पाचवी ओळ प्रामाणिक राहील.

रहस्यभेदाची भांडणं टाळायची तर आधी फक्त नाव आणि प्रत सांगायची. ज्याला पाहायचा आहे त्याने हात वर करायचा, मग त्याच्यापुरता शेवट वगळायचा. प्रत्येकाला सात मिनिटं पुरेत. पहिल्या फेरीत समीक्षकाचं नाव कोणी घ्यायचं नाही. दुसऱ्या फेरीत घ्यायला हरकत नाही, पण ज्याने घेतलं त्याने अख्खं परीक्षण वाचलेलं असलं पाहिजे. मथळा आणि आकडा चालणार नाही. ही अट लागू झाल्यावर टक्केवारीवाला मित्र दोन-तीन आठवडे गप्प बसेल. त्याला त्या काळात वहीचं काम द्या.